फुलपाखरू माशाचा उपास

नवरात्रात घट बसले की नऊ दिवस आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा येत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासूनचा हा नियम, आणि तो पाळण्यात मी कधी कुणाची गय केली नाही. गेल्या नवरात्रात तो मी स्वतःच मोडला. तोही एका माशासाठी. मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही. उलट ते दिवस आठवले की डोक्यावरचा भारा आत्ताच उतरवून ठेवल्यासारखं वाटतं.

सुरुवात ह्यांच्या निवृत्तीपासून करायला हवी. हे ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. आलेला प्रत्येक भाग मोजायचा, ठरलेल्या मापात बसला तर पुढे पाठवायचा, केसभर जरी कमीजास्त असला तरी परत. अख्खा जन्म त्यात गेला. पहाटे पाचला उठायचे, कारखान्याच्या बसची वेळ कधी चुकली नाही. आणि निवृत्त झाल्यावर तोच माणूस सकाळी नऊ वाजले तरी पलंगावर पडून पंख्याकडे बघत राहायला लागला. मी उठवायला गेले की म्हणायचे, "उठून करायचं काय?"

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. आवाज चढवला की वर्ग शांत होतो, एवढी एकच विद्या मला येते. तीच मी घरी वापरली. रागावले, टोमणे मारले, फिरायला जा म्हटलं, भजनी मंडळात जा म्हटलं. हे ऐकून घ्यायचे आणि कूस बदलायचे. ताटात वाढलेलं अर्धं टाकायचे. मी बाहेर दटावत होते, पण आतून पार घाबरले होते. चांगला धडधाकट माणूस डोळ्यांसमोर विझत चालला होता आणि मला फक्त ओरडता येत होतं.

मग एकदा चष्म्याची काडी बसवून घ्यायला हे गंगापूर रोडवर गेले आणि दोन तासांनी परत आले. चष्म्याच्या दुकानाशेजारी शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथे खाऱ्या पाण्यातले मासे होते. समुद्रापासून इतक्या लांब समुद्राचं पाणी करायचं म्हणजे मीठ किती, ऊब किती, आम्लता किती, सगळं मोजावं लागतं, असं दुकानदारानं सांगितलं. मोजावं लागतं म्हटल्यावर आमचा माणूस उठून बसला. महिन्याभरात हॉलमध्ये चार फुटांची टाकी आली. तिच्यासाठी माझं पुस्तकांचं कपाट बेडरूममध्ये गेलं. मी वरवर खूप कुरकुर केली. खरं सांगते, हे पुन्हा पहाटे पाचला उठायला लागले होते, आणि त्यापुढे मी कपाट काय, स्वयंपाकघरसुद्धा दिलं असतं.

टाकीत दोन केशरी विदूषक मासे आले, एक निळा आला, चिनीमातीचं एक नकली प्रवाळ आलं. रोज सकाळी पाण्याची मापं घेऊन हे वहीत लिहायचे. सगळी मापं जिथल्या तिथे असली की म्हणायचे, "टॉलरन्समध्ये आहे." मी भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी हेच उत्तर मिळायचं. दीड वर्षं असं सुखानं गेलं.

गेल्या वर्षी घट बसायच्या चार दिवस आधी हे एक पिशवी घेऊन आले. चेहऱ्यावर नव्या नवरदेवाचा भाव. पिशवीत हातावर मावेल एवढा एक चपटा, गोलसर मासा होता. पांढरं अंग, त्यावर तिरप्या केशरी पट्ट्या, पिवळं तोंड आणि डोळ्यावरून गेलेली काळी रेघ, जशी कुणी काजळ घालताना हात थरथरला असावा. त्याला फुलपाखरू मासा म्हणतात. इतकं देखणं काही आमच्या घरात याआधी आलं नव्हतं, आणि हे मी स्वतःला धरून म्हणते.

पहिल्या दिवशी त्यानं काही खाल्लं नाही. हे म्हणाले, नवीन आहे, बुजलाय. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी दिवसातून तीनदा पाणी मोजलं. सगळं टॉलरन्समध्ये होतं. चौथ्या दिवशी मी पोळ्या लाटून बाहेर आले आणि सहज टाकीजवळ थांबले. मासा सबंध टाकीत फिरत होता. दगडावर तोंड टेकवायचा, नकली प्रवाळावर टेकवायचा, आणि पुढे जायचा. परगावी उतरलेला माणूस जसा एकेका घराची पाटी वाचत जातो तसा. वरून दाणे पडत होते, त्यांच्याकडे तो बघतही नव्हता. आणि त्याचं पोट आत गेलं होतं.

मी ह्यांना हाक मारली आणि पोट दाखवलं. हे वही घेऊन आले. मापं वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, "अहो, पाणी काय मोजताय? पोट बघा त्याचं." ते बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. मग वही मिटून म्हणाले, "हा गेला तर मी टाकी बंद करणार. मला हे जमत नाही असं समजेन."

ते चिडून बोलले असते तर मी सोडून दिलं असतं. पण ते शांतपणे बोलले. दुसऱ्या दिवशी घट बसले. मी माती पसरली, धान्य पेरलं, पहिली माळ चढवली, आणि आरती म्हणताना माझं सगळं लक्ष पाठीमागच्या टाकीकडे होतं. मला पलंग दिसत होता, पंखा दिसत होता आणि त्याकडे बघत पडलेले हे दिसत होते.

दुसऱ्या माळेला मी ह्यांना न सांगता त्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, सज्जन माणूस. मी कोण ते सांगितल्याबरोबर त्यानं कपाळाला हात लावला. हा मासा जिवंत प्रवाळ खाऊन जगतो, त्यानं समजावलं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, लाखो बारीक जिवांची वसाहत. त्या एकेका जिवाला हा चोच मारून टिपतो. बाकी काही अन्न असतं हेच त्याला ठाऊक नाही. लहानपणी पकडलेला असला तर एखादे वेळी दुसरं खायला शिकतो, मोठा बहुतेक उपाशी मरतो. जिवंत प्रवाळ आणून घालायचं म्हटलं तर आपल्याकडे त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि असायलाच हवं. मुंबईहून आलेल्या मालात हा चुकून आला होता. दुकानातही त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"मी काकांना नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "काका म्हणाले, माझं पाणी चांगलं आहे, माझ्या पाण्यात खाईल."

म्हणजे ह्यांना सगळं माहीत होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! रस्ताभर मी मनातल्या मनात ह्यांना काय काय ऐकवत आले. घरी पोचले तर हे टाकीसमोर स्टूल टाकून बसलेले, दुपारचं ताट झाकलेलं तसंच. ज्या माणसानं आयुष्यभर मापात न बसणारी वस्तू परत पाठवली, त्यानं एकदाच कुणालातरी परत पाठवायचं टाळलं होतं. त्याच्यावर ओरडायला माझा आवाज निघाला नाही.

मासा दुकानात परत देता आला असता. पण तिथेही तो उपाशीच राहणार होता. समुद्रात सोडावा तर तो आला कुठल्या समुद्रातून हे दुकानदारालाही सांगता येत नव्हतं. मला नवरात्राचा उपास होता. भगर आणि दाण्याची आमटी पुढे घेऊन बसले की समोर तो मासा दिसायचा. माझा उपास मी हौसेनं धरलेला. त्याला कुणी विचारलं होतं?

पाचव्या माळेला मी दिंडोरीला माहेरी गेले. दरवर्षी त्या दिवशी गावातल्या देवीची ओटी भरायला जाते. भावाच्या द्राक्षबागेत छाटणी नुकतीच झाली होती आणि पेस्टिंग चाललं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. छाटणीनंतर वेलीला नुसत्या काड्या उरतात, आणि काडीवर डोळे असतात. त्या डोळ्यांतून नवी फूट निघते. ते सगळे एकदम जागे व्हावेत म्हणून गेरू घातलेलं लाल औषध एकेका डोळ्याला हातानं लावायचं, याला पेस्टिंग म्हणतात. बायका रबरी हातमोजे घालून, डबा आणि स्पंजचा तुकडा घेऊन ओळीनं चालतात. लग्न झाल्यावरही सुट्टीत माहेरी गेले की मी या कामाला उभी राहायचे.

मी बांधावर उभी होते. एक म्हातारी बाई नव्या मजुरणीला शिकवत होती. "बाई, वरून नुसता हात फिरवू नको. डोळा बघ, तिथंच लाव. एक बी सोडायचा नाय. सोडला तर तो झोपूनच राहतो."

मी त्या छाटलेल्या वेलीकडे बघत राहिले. फांद्या-फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर थोड्याथोड्या अंतरावर लाल ठिपका. आमच्या टाकीतलं नकली प्रवाळ असंच होतं. फांद्यांचं, आणि फांदीवर खऱ्यासारखी बारीक भोकं पाडलेली. तो मासा रोज त्याच भोकांना तोंड लावून पुढे जात होता. वरून पडणारे दाणे त्याला अन्न वाटत नव्हते, कारण त्याचं अन्न कधी वरून पडलंच नव्हतं. ते फांदीला चिकटलेलं असायचं.

मी भावाला म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता बसस्टँडवर सोड. तो म्हणाला, "ताई, जेवून तरी जा, भगर टाकलीय तुझ्यासाठी. एवढी काय घाई हाय?" मासा उपाशी आहे म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं बघितलं, पण गाडी काढली. जाताना म्हणाला, "बागेत कशाला हात लावला असशील तर घरी जाऊन साबणानं दोनदा धू. आमचं औषध लय वाईट."

आता खरी पंचाईत होती. फांदीला लावायचं काय? दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, शिंपल्यातला गर आणि कोळंबी, एकजीव वाटून. मी फोन हातात धरून घटाकडे बघितलं. पाचवी माळ. इतर मासे रोज जे दाणे खात होते त्यांत काय असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पण ते झाकलेलं होतं. हे मला माझ्या हातानं वाटायचं होतं.

मी देवीसमोर बसले. गडावरच्या आईला हात जोडले आणि स्पष्टच सांगितलं, घरात एक जण उपाशी आहे आणि त्याच्यापायी दुसराही उपाशी राहायला लागलाय. तुझ्या नऊ दिवसांत हे बरं दिसत नाही. पाप लागायचं तर माझ्या एकटीच्या नावावर लाव. उठले तेव्हा मन स्वच्छ होतं. देवीला समजतं, शेजारणीला समजत नाही, एवढाच प्रश्न होता, म्हणून मी गच्ची निवडली.

गच्चीवर एक जुना पाटा-वरवंटा पडून होता. दुकानदारानं बर्फाच्या डब्यात घालून गर दिला होता. वास आला, तेव्हा उपाशीपोटी मला मळमळलं. पदर नाकाला बांधून वाटलं. हे कठड्याशी उभे राहून बघत होते. आतापर्यंत त्यांचं एकच पालुपद, अगं, घट बसलेत. मी म्हटलं, "मला माहीत आहे. ब्रश आणा."

सहाव्या माळेला पहिला डाव साफ फसला. नुसतं वाटण लावलेलं प्रवाळ पाण्यात ठेवलं आणि दोन मिनिटांत सगळं विरघळून टाकी ताकासारखी पांढरी झाली. ह्यांनी धावपळ करून अर्धं पाणी बदललं, मापं घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच काही टॉलरन्समध्ये नव्हतं. ते माझ्यावर भडकले, मी त्यांच्यावर भडकले. दुकानदारानं नको म्हटलेला मासा आणायला मी सांगितलं होतं का, हेही माझ्या तोंडून निघून गेलं. ते एकदम थांबले. "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, दुसऱ्या माळेला. त्यानंतर दोघंही मांडी घालून फरशी पुसत बसलो.

पुसता पुसता मला गार झाल्यावर थिजणारं चायना ग्रास आठवलं. उपासाला दुधात घालून वड्या पाडायला आणलेलं पाकीट डब्यात तसंच होतं. थोड्या पाण्यात उकळून विरघळवलं, कोमट झाल्यावर वाटणात कालवलं, आणि सातव्या माळेच्या सकाळी गच्चीवर बसून ब्रशच्या टोकानं प्रवाळाचं एकेक भोक भरायला लागले. वरून हात फिरवला नाही. डोळा बघायचा, तिथंच लावायचं. शंभराच्या वर डोळे असतील. हे समोर बसले आणि राहिलेला डोळा दाखवायला लागले. तपासणी खात्याची नजर, एक सुटू दिला नाही. पेस्ट थिजली. मग ह्यांनी प्रवाळ अलगद पाण्यात उतरवलं.

पाणी स्वच्छ राहिलं. पहिला आला तो विदूषक मासा, आणि दोन ठिपके फस्त करून गेला. मी काचेवर टिचकी मारून त्याला हाकललं. फुलपाखरू मासा मागच्या कोपऱ्यात होता. पोट आत गेलेलं, पाठीची धार वर आलेली. तो हळू हळू निघाला. सवयीनं पहिल्या फांदीशी आला, तोंड टेकवलं, आणि पुढे गेला.

ह्यांनी स्टूलवरून उठायला गुडघ्यावर हात टेकला.

तेवढ्यात मासा वळला. त्याच फांदीशी परत आला, जरा तिरका झाला, आणि एक ठिपका टिपला. मग शेजारचा. मग त्याच्या वरचा. छोटंसं तोंड, डोकं पुढे-मागे, एकेक डोळा टिपत तो फांदीच्या शेंड्यापर्यंत गेला, वळला आणि दुसरी फांदी धरली.

ह्यांनी माझा हात धरला होता आणि त्याला कोळंबीचा वास येत होता. मी रडले, हे लपवण्यासारखं नाही. माझ्या अंगातून काहीतरी सैल होऊन खाली गेलं. मासा जगला याचा आनंद होताच, पण त्याहून मोठी सुटका वेगळी होती. उद्या सकाळी हे कशासाठी उठणार, या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. त्या दुपारी ह्यांनी माझ्याबरोबर बसून भगर खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. ताट स्वच्छ. मी ते ताट घासायला टाकण्यापूर्वी उगीचच एकदा बघितलं.

दसऱ्याला हे आपट्याचं पान द्यायला दुकानदाराकडे गेले. सोनं दिलं, आणि हा मासा पुन्हा आणू नका, कुणी कितीही मागितला तरी, एवढं सांगून आले. दुकानदारानं शब्द दिला, आणि तो पाळलाय.

आता सहा महिने झाले. माशाचं पोट भरलंय. पट्ट्या पूर्वीपेक्षा केशरी दिसतात. घरी येणारा प्रत्येक जण टाकीसमोर थांबतो आणि हा कुठे मिळेल म्हणून विचारतो. तेव्हा मी शाळेतला आवाज काढते. सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही, मी सांगते. तो समुद्रातच शोभतो. आमच्याकडे जगला तो आमच्या हुशारीनं नव्हे, त्याच्या नशिबानं. अजूनही तो दाणा तोंडात धरत नाही. दिवसातून दोनदा, एकेक डोळा भरून द्यावा लागतो. गावाला जाता येत नाही, लग्नांना आळीपाळीनं जावं लागतं. कुणाला हे झेपणार आहे? ह्या म्हणण्यावर हे जोरात मान हलवतात.

आणि तरी रोज सकाळी साडेपाचला, अंगावरचं पांघरूण ओढून मी आणखी जराशी पडलेली असताना, हॉलमधून आवाज येतो. वाटी धुऊन ठेवलेली असते, ब्रश बाहेर काढलेला असतो.

"अगं, ऊठ ना. तो काचेशी येऊन थांबलाय."

मी मुद्दाम विचारते, "उठून करायचं काय?"




हे दारात येतात आणि दिवा लावतात.